सिनेमावर संशय आणि पुस्तकावर विश्वास? जरा उलटं करून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अलीकडे तुम्ही 'ओपेनहायमर', 'अ ब्युटिफुल माइंड' आणि 'मनीबॉल' पाहिले. त्याच सुमारास 'आउटलायर्स', 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' आणि 'व्हाय वी स्लीप' वाचली. सिनेमे आवडले, पण त्यातलं खरं किती हे माहीत नसल्यामुळे चारचौघांत मत द्यायला जीभ रेटत नाही. पुस्तकं मात्र पटली आणि त्यातले मुद्दे तुम्ही बिनधास्त सांगता. तर गप्पांमध्ये अशा गोष्टींवर मत द्यायचं ते कशाच्या जोरावर? आणि सिनेमा आधी पाहावा की पुस्तक आधी वाचावं?

मी माहितीपर पुस्तकांचं संपादन करतो. छापायला जाण्याआधी त्यातले दावे तपासणं हा माझ्या कामाचा बराच मोठा भाग आहे. त्या सवयीतून सांगतो, तुमचा संशय चुकीच्या जागी आहे. सिनेमाला तुम्ही उलटतपासणीला उभं करता आणि पुस्तकाला पाट मांडून बसवता. सिनेमात मनाचं काही घातलेलं असेल तर ते बहुतेक वेळा एखाददुसरा प्रसंग असतो, आणि प्रदर्शित झाल्यावर आठवड्याभरात कोणीतरी तो शोधून काढतं. पुस्तकातली निसटती जागा एखाद्या आकड्यात, एखाद्या आलेखात किंवा 'संशोधनाने सिद्ध झालं आहे' अशा वाक्यात असते. ती सापडायला वर्षं जातात, आणि तोवर तुम्ही ती दहा जणांना सांगून झालेली असते.

अणुबॉम्ब घडवणाऱ्या शास्त्रज्ञावरच्या 'ओपेनहायमर' (2023) पासून सुरुवात करू. त्याचा आधार काय बर्ड आणि मार्टिन शेरविन यांचं 'अमेरिकन प्रॉमिथियस' हे 2005 चं चरित्र. शेरविन त्यावर जवळपास पंचवीस वर्षं काम करत होते. सिनेमात केंब्रिजला शिकणारा तरुण ओपेनहायमर आपल्या शिक्षकाच्या टेबलावर विषारी सफरचंद ठेवतो, आणि ते नेमकं नामवंत भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्या हातात जातं. बोर यांचा त्या सफरचंदाशी काही संबंध नव्हता, तो सिनेमावाल्यांचा भाग. पण गंमत पुढे आहे. मुळात सफरचंदाला काय लावलं होतं, लावलं होतं तरी का, हे चरित्रातही पक्कं नाही. ती गोष्ट ओपेनहायमरने स्वतः मित्रांना सांगितलेल्या हकिकतींवर उभी आहे. आणि चरित्रकार लिहितात की खरंच सायनाइड असतं तर प्रकरण इतक्यावर मिटलं नसतं, तेव्हा पोट बिघडवणारं काहीतरी असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे पुस्तकात 'असं सांगतात' आहे आणि पडद्यावर 'असं घडलं'. कॅमेऱ्याला 'बहुधा' दाखवता येत नाही. त्याला सफरचंद दाखवावंच लागतं.

दुसरी जागा आइन्स्टाइनची. अणुबॉम्बच्या स्फोटाने सगळं वातावरणच पेटेल का, ही शंका घेऊन सिनेमातला ओपेनहायमर आइन्स्टाइनकडे जातो. प्रत्यक्षात तो आर्थर कॉम्प्टन यांच्याकडे गेला होता. दिग्दर्शकाने हा बदल जाणूनबुजून केला आणि तसं सांगितलंही. कॉम्प्टन म्हटलं की प्रेक्षागृहात चार माना हलतील, आइन्स्टाइन म्हटलं की सगळ्या. मला या बदलाचा राग येत नाही. शंका खरी होती, ती घेऊन वरिष्ठ शास्त्रज्ञाकडे जाणं खरं होतं, फक्त माणूस बदलला. अशा सिनेमाबद्दल तुम्ही छातीठोकपणे 'आवडला' म्हणा. कोणी 'ते सगळं खोटं आहे हो' असं म्हणालं तर त्याला एवढंच विचारा, 'नेमकं कोणतं?' बहुतेकांकडे उत्तर नसतं.

'अ ब्युटिफुल माइंड' (2001) मात्र वेगळा. गणितज्ञ जॉन नॅश यांना स्किझोफ्रेनिया या मनोविकारामुळे नसलेले आवाज ऐकू येत. सिनेमात त्याची माणसं झाली, कारण पडद्यावर आवाजाला चेहरा लागतो. इथवर मान्य. पण शेवटाकडे, 1994 च्या नोबेलच्या सुमारास, सिनेमातला नॅश सांगतो की तो आता नव्या प्रकारची औषधं घेतो. खऱ्या नॅश यांनी 1970 नंतर औषधं घेतलीच नाहीत. सिल्व्हिया नासार यांच्या ज्या चरित्रावरून सिनेमा केला, त्यात हे स्पष्ट आहे. सिनेमा पाहून कोणा रुग्णाने औषधं सोडू नयेत, या काळजीपोटी ते वाक्य घातलं गेलं. हेतू चांगलाच आहे. मला हा बदल तरीही आइन्स्टाइनच्या बदलापेक्षा कितीतरी मोठा वाटतो, कारण माणूस बरा कसा झाला हाच त्या कथेचा गाभा आहे आणि उत्तर नेमकं तिथेच बदललं. मी हा सिनेमा आवडीने पाहतो, अभिनयासाठी पाहतो, पण त्यावरून आजाराबद्दल एक वाक्यही बोलत नाही.

आता 'मनीबॉल'. इथे जरा थांबू, कारण सिनेमातली फट आणि पुस्तकातली फट या दोन्ही इथे एकत्र दिसतात.

गोष्ट बेसबॉलची आहे. ओकलंडच्या संघाकडे 2002 च्या हंगामात खेळाडूंच्या पगारासाठी सुमारे 4 कोटी डॉलर होते, न्यूयॉर्क यांकीजकडे साधारण साडेबारा कोटी. तरी दोन्ही संघांनी साखळीत 103-103 सामने जिंकले. ओकलंडने तर सलग 20 जिंकून दाखवले. कसं? सिनेमाचं उत्तर असं की व्यवस्थापकाने आकडेवारीचा जाणकार हाताशी धरला आणि इतरांनी टाकून दिलेले स्वस्त खेळाडू हुडकून काढले. ही गोष्ट इतकी चपखल बसते की कंपन्यांच्या प्रशिक्षणातही ती सांगतात.

पण त्या हंगामाचा धावफलक नीट बघा. ओकलंडकडे टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो हे तीन पिचर होते, आपल्या भाषेत बिनीचे गोलंदाज. 103 पैकी 57 विजय या तिघांच्या नावावर आहेत: झिटोचे 23, मल्डरचे 19, हडसनचे 15. झिटोला त्या वर्षी त्याच्या लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळाला. मिगेल तेहादा हा त्यांचाच खेळाडू लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. यातलं कोणीही टाकून दिलेलं नव्हतं, भंगारातून आणलेलं नव्हतं. संघाने स्वतः तरुण वयात घेऊन घडवलेली ही मुलं होती. ती स्वस्त का पडली, याचं कारणही रुक्ष आहे: अमेरिकन बेसबॉलच्या नियमांनुसार खेळाडूला पहिली काही वर्षं मोकळ्या बाजारात जाऊन भाव मागता येत नाही. सिनेमात या चौघांना जवळजवळ जागाच नाही. ज्या स्कॉट हॅटेबर्गभोवती कथा फिरते तो खेळाडू खरा, त्याने विसाव्या सामन्यात मारलेला विजयी फटकाही खरा. पण 57 विजय कडेला सारून.

मायकल लुईस यांच्या 2003 च्या पुस्तकात ही सगळी नावं येतात. लपवलेलं काहीच नाही. भर मात्र तिकडे नाही, आणि वाचून उठल्यावर डोक्यात राहतो तो भर. हे पुस्तक मला अजूनही फार आवडतं. खेळाडू निवडताना जाणकारांची नजर कुठे चकते याचं इतकं रंगतदार वर्णन क्वचितच सापडेल. मी फक्त त्याला 'गरीब संघ कसा जिंकला' याचं उत्तर मानत नाही.

काहीही वाचताना किंवा पाहताना मी मनातल्या मनात एकच प्रश्न विचारतो: ही गोष्ट इतकी नेटकी बसावी म्हणून कशाला बाहेर ठेवलं असेल? खोटं शोधायला जाऊ नका, ते कमीच सापडतं. गाळलेलं शोधा.

हाच प्रश्न तुमच्या पुस्तकांना लावू. 'आउटलायर्स' (2008) मधला सगळ्यांच्या तोंडी बसलेला आकडा म्हणजे 10,000 तासांचा सराव. त्याचं मूळ मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या 1993 च्या निबंधात आहे. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा तो अभ्यास. त्यातल्या सर्वोत्तम गटात दहा विद्यार्थी होते, आणि वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत त्यांचा एकट्याने केलेला सराव सरासरी सुमारे 10,000 तास भरला. सरासरी. त्यातले निम्मे विद्यार्थी तिथवर पोचलेच नव्हते. शिवाय विसाव्या वर्षी ते हुशार विद्यार्थी होते, नावाजलेले कलावंत व्हायचे होते. एरिक्सन यांनी 2016 मधल्या आपल्या पुस्तकात हे सगळं जरा वैतागूनच लिहिलं. आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे पियानोवादक तिशीच्या आसपास असतात आणि तोवर त्यांचा सराव वीस-पंचवीस हजार तासांच्या घरात गेलेला असतो, असंही त्यांनी मांडलं. तास मोजत बसण्यापेक्षा सराव कसा केला, चूक दाखवणारं कोणी होतं का, यावर त्यांचा जोर होता.

आता यात खोटं काय? 10,000 हा आकडा निबंधात आहेच. गळली ती 'सरासरी', गळलं ते 'विसाव्या वर्षी', गळले ते 'दहा विद्यार्थी'. तीन बारीक तपशील गेले आणि एका वर्गाच्या निरीक्षणाचा सगळ्या मानवजातीचा नियम झाला.

'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' (2011) बद्दल मात्र मी जपून बोलतो, कारण त्याचे लेखक, मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमन यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे आणि पुस्तक खरोखर मोठं आहे. पण त्याचं चौथं प्रकरण सांभाळून वाचा. नकळत डोळ्यांखालून गेलेले शब्द आपलं वागणं बदलतात, असं तिथे मांडलं आहे. त्यातला गाजलेला प्रयोग 1996 चा: विद्यार्थ्यांना उलटसुलट शब्दांतून वाक्यं जुळवायला दिली, काहींच्या शब्दांत म्हातारपणाशी जोडलेले शब्द पेरले, आणि मग ते विद्यार्थी बाहेरच्या बोळातून किती सावकाश चालत जातात हे स्टॉपवॉचवर मोजलं. ते सावकाश चालले म्हणे. 2012 मध्ये दुसऱ्या गटाने हाच प्रयोग जास्त लोकांवर आणि हाताने दाबायच्या स्टॉपवॉचऐवजी इन्फ्रारेड सेन्सर लावून केला, तर परिणाम गायब. मग त्यांनी प्रयोग घेणाऱ्यांनाच आधी सांगितलं की ही मुलं सावकाश चालणार आहेत, तेव्हा परिणाम पुन्हा उगवला. घड्याळाचं बटण कोणाच्या हातात आहे आणि त्याला काय बघायची अपेक्षा आहे, यावर निकाल हलत होता.

कानमन यांनी त्या प्रकरणात म्हटलं होतं की या निष्कर्षांवर अविश्वास ठेवायला जागाच नाही. 2017 मध्ये त्यांनीच जाहीरपणे मान्य केलं की थोडक्या लोकांवरच्या अभ्यासांवर आपण नको इतका भरवसा टाकला. यातला चिमटा असा की छोट्या नमुन्यांवर संशोधक भाबडेपणाने विश्वास ठेवतात, हा निबंध त्यांनी आणि त्यांचे सहकारी अमोस ट्वर्स्की यांनी 1971 मध्येच लिहिला होता! म्हणून पुस्तक फेकायचं का? मुळीच नाही. तोटा आपल्याला तेवढ्याच फायद्यापेक्षा जास्त बोचतो, त्यामुळे जोखमीचे निर्णय कसे वाकतात, हे या दोघांचं 1979 चं काम. 2020 मध्ये 19 देशांतल्या लोकांवर ते पुन्हा तपासलं गेलं आणि मोठ्या प्रमाणावर टिकलं. एकाच पुतळ्यातला एक हात मातीचा आणि बाकी पुतळा पितळेचा, असा प्रकार आहे. तेव्हा 'ते पुस्तक खोटं निघालं' हे मत 'ते पुस्तक ग्रेट आहे' याच्याइतकंच आळशी.

'व्हाय वी स्लीप' (2017) वर एकच सांगतो. कमी झोपेमुळे किशोर खेळाडूंना इजा होण्याचं प्रमाण दाखवणारा एक स्तंभालेख त्यात आहे. झोप वाढत जाते तसे स्तंभ शिस्तीत उतरत जातात. मूळ अभ्यासातल्या आलेखात 5 तासांचा आणखी एक स्तंभ होता, आणि तो 6 तासांच्या स्तंभापेक्षा बुटका होता. पुस्तकात तो स्तंभच नव्हता. झोप महत्त्वाची आहेच, त्याला कोणी नाही म्हणत नाही. पण त्या पुस्तकातला आकडा सांगण्याआधी मी मूळ निबंध उघडतो.

उलटंही घडतं, ते फार कमी लोकांच्या लक्षात येतं: पुस्तकांनी पसरवलेली गोष्ट सिनेमा दुरुस्त करतो. किटी जेनोवीजचं नाव तुम्ही मानसशास्त्रावरच्या एखाद्या लोकप्रिय पुस्तकात वाचलंच असेल. 13 मार्च 1964, न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग, पहाटेची वेळ, एका तरुणीचा खून, आणि 38 शेजारी अर्धा तास खिडकीतून बघत राहिले पण एकानेही पोलिसांना कळवलं नाही. ही हकिकत न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. मथळ्यात 37 जण होते आणि पहिल्याच वाक्यात 38, तिथेच एखाद्या उपसंपादकाच्या भुवया वर जायला हव्या होत्या. तिथून ती पाठ्यपुस्तकांत शिरली आणि तिथून विमानतळावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या पुस्तकात.

किटीचा धाकटा भाऊ बिल याने बऱ्याच वर्षांनी हे प्रकरण उकरून काढलं. त्या शोधावरचा 'द विटनेस' हा माहितीपट 2015 मध्ये आला. हल्ले बातमीत म्हटले तसे तीन नव्हे, दोन झाले होते. दुसरा इमारतीच्या मागच्या बाजूला, जिन्याच्या दारात, जवळजवळ कोणालाच दिसणार नाही अशा ठिकाणी झाला. पहिल्या हल्ल्याच्या वेळी एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवून लावलं होतं. आणि सोफिया फॅरार ही शेजारीण, मारेकरी अजून तिथे आहे की गेला याची काही कल्पना नसताना खाली धावली आणि किटीला शेवटपर्यंत कुशीत धरून बसली. 38 निर्विकार साक्षीदारांच्या गोष्टीत या बाईला जागा असणं शक्यच नव्हतं. 2016 मध्ये खुद्द टाइम्सने आपल्या जुन्या बातमीत गंभीर दोष असल्याचं छापलं. या प्रकरणातून सुचलेले 1968 चे प्रयोग मात्र खरे आहेत. आसपास जितके लोक जास्त, तितकी एकेकट्याची जबाबदारीची जाणीव कमी, हे त्यात दिसलं. उदाहरण ढासळलं तरी त्यावरून निघालेलं संशोधन उभं राहिलं, असंही होतं. म्हणूनच किस्सा एकीकडे आणि दावा दुसरीकडे ठेवून दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात.

व्यवहारात काय करायचं? सगळं पुस्तक तपासायला कोणाला वेळ आहे? मलाही नसतो, पगार मिळत असेल तरच मी ते करतो. तुम्ही फक्त जो मुद्दा दुसऱ्याला सांगणार आहात तेवढा तपासा. पुस्तकाच्या मागच्या टिपांमध्ये जा. टीपच नसेल तर तो मुद्दा लेखकाचं मत म्हणून सांगा. टीप असेल तर अभ्यास किती लोकांवर झाला आणि नंतर दुसऱ्या कोणी तो करून पाहिला का, एवढं बघा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि मत देताना आवडलं काय आणि पटलं काय, हे एका दमात बोलू नका. 'मनीबॉल मला तुफान आवडला, पण जिंकण्याचं श्रेय त्याने जरा एकतर्फी वाटलंय' असं म्हणालात की पुढे गप्पा रंगतात. 'मस्त आहे, बघच' यावर समोरचा फक्त मान डोलावतो.

सिनेमा आधी की पुस्तक आधी? सर्रास 'पुस्तक आधी' असा सल्ला देतात. मी सिनेमा आधी म्हणतो. पुस्तक वाचून सिनेमाला बसलं की माणूस प्रेक्षक राहत नाही, हजेरी घेणारा मास्तर होतो: हे गाळलं, ते बदललं. सिनेमा आधी पाहिला की चेहरे आणि घटनाक्रम डोक्यात असतात, आणि 'अमेरिकन प्रॉमिथियस'सारखं जाडजूड चरित्रही सोपं जातं. अपवाद 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून'. डेव्हिड ग्रॅन यांचं 2017 चं पुस्तक अमेरिकेतल्या ओसेज या आदिवासी जमातीच्या लोकांच्या हत्यांचा तपास रहस्यकथेसारखा उलगडत नेतं, गुन्हेगार कोण हे बऱ्याच उशिरा कळतं. 2023 च्या सिनेमाने मध्यवर्ती पात्रच बदललं, तपास करणाऱ्याऐवजी गुन्ह्यात सामील असलेल्या नवऱ्याच्या बाजूने गोष्ट सांगितली, त्यामुळे गुन्हेगार सुरुवातीलाच समोर येतो. दोन्ही उत्तम, पण आधी सिनेमा पाहिलात तर पुस्तकातलं रहस्य हातचं जाईल.

पुढचं काही सुचवा, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. 'हिडन फिगर्स' घ्या. आधी सिनेमा बघा, मग मार्गोट ली शेटर्ली यांचं 2016 चं पुस्तक. सिनेमात नासाचा वरिष्ठ अधिकारी हातोड्याने स्वच्छतागृहावरची वर्णभेदाची पाटी फोडतो. तो अधिकारी अनेक माणसं मिळून बनवलेला आहे आणि तो प्रसंग घडलेला नाही. कॅथरिन जॉन्सन कोणाच्या हातोड्याची वाट न बघता सरळ पाटी नसलेलं स्वच्छतागृह वापरत राहिल्या. पुस्तकात ते वाचलंत की सांगा, दोन्हींतलं जास्त काय आवडलं.